विश्वंभरमामांची चोवीस दारांची चावडी

औंढा नागनाथच्या त्या कॉलेजात विश्वंभर कऱ्हाळे यांना विश्वंभर म्हणणारं कुणी नाही. प्राचार्यांपासून अकरावीच्या पोरींपर्यंत सगळ्यांचे ते मामा. हुद्दा प्रयोगशाळा परिचर, म्हणजे कागदावर टेबलं पुसायची, काचेची भांडी धुवायची आणि वेळेवर घंटा द्यायची. पण कॉलेजचं सगळं इंटरनेट ज्या एका पेटीतून जातं तिचा खरा धनी कोण, असं विचारलं तर प्राचार्यसुद्धा जिन्याखालच्या खोलीकडे बोट दाखवतात. पूर्वी त्या खोलीत झाडू आणि फुटक्या बादल्या असायच्या. मामांनी त्या हलवल्या, भिंतींना चुना दिला, दाराला पडदा लावला. काही लोकांना देवघराचीही इतकी काळजी नसते.

पेटीत स्विच. नव्या माणसाला मामांना दर वेळी समजावून सांगावं लागतं की हा स्विच म्हणजे पंख्याचं बटण नव्हे. त्याला चोवीस भोकं, चोवीस वायरी, आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला कुणाचा ना कुणाचा कॉम्प्युटर. "ही चावडी हाय," मामा म्हणतात. "ज्याला कुटं जायचं त्यानं आधी हितं यायचं. ऑफिसची भावकी येगळी, लॅबची येगळी, लायब्ररीची येगळी. भावकीला नंबर दिलेला. ह्याचा माणूस त्याच्या घरात शिरणार न्हाई." कॉम्प्युटर शिकवणारे भीमराज सर हसतात आणि म्हणतात की मी हे वर्गात दीड तास शिकवतो, मामा चहा होईपर्यंत सांगून मोकळे होतात.

मामा मूळचे पुसेगावचे. तरुणपणी टेलिफोनच्या रोजंदारीवर होते. खांबावर चढायचं, तारा चिमट्यात धरायच्या आणि वरूनच ओरडून सांगायचं की बिघाड सेनगावकडं आहे की हिंगोलीकडं. मोबाइल आले तसे खांब मोडीत निघाले, आणि खांबांबरोबर मामाही निघाले असते, पण कॉलेजात जागा होती म्हणून टिकले. दहावीला इंग्रजीनं त्यांचा घात केला होता. पुढं कॉलेजात स्विच आला, बसवणाऱ्या इंजिनियरजवळ दोन दिवस बसायला दुसरं कुणी रिकामं नव्हतं, म्हणून मामा बसले. तीच त्यांची शाळा. शंभर पानी वहीत त्यांनी एकेक हुकूम देवनागरीत लिहून घेतला, खाली इंग्रजी अक्षरं सुटी सुटी चित्रासारखी काढली. एका बोटानं टाइप करतात, पण चुकत नाहीत.

त्या वहीच्या प्रत्येक पानाच्या तळाला लाल शाईत एकच ओळ आहे: राईट मेमरी. हे केल्याबिगर उठायचं न्हाई. स्विचचा स्वभावच तसा. त्याला काहीही सांगा, तो लगेच ऐकतो, पण ते सगळं तोंडी. हा शेवटचा हुकूम दिला तरच तो ध्यानात ठेवतो. नाही दिला तर वीज जाईपर्यंत सगळं आलबेल, आणि वीज गेली की आधी जे लिहिलं होतं तेवढंच त्याला आठवतं. वीज तर औंढ्यात पाहुण्यासारखी, कधी उठून जाईल सांगता येत नाही. म्हणून स्विचला मोठी बॅटरी. तिचं पाणी मामा दर सोमवारी स्वतः बघतात. ते म्हणतात, घरचा माठ एकवेळ रिकामा राहील.

आषाढात कॉलेजनं इंटरनेटची कंपनी बदलली. नांदेडहून त्यांचा इंजिनियर आला, गुलाबसिंग नावाचा. भला माणूस, पण त्याच्या एकट्याच्या गळ्यात तीन जिल्हे बांधलेले. आला तोच घड्याळ बघत. मामा त्याच्यासाठी चहा सांगायला कोपऱ्यावर गेले, परत येतात तो त्यानं काम उरकून बॅगसुद्धा भरली होती. नवी लाईन चालू झाली, पासवर्डही बदलला. नवा पासवर्ड काय, असं मामांनी विचारलं तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "मामा, कंपनी का रूल है. कुणाला देता येत न्हाई. काही झालं तर मला फोन करा, मी हाय ना." चहा त्यानं उभ्यानंच घेतला.

त्या दिवसापासून स्वतःच्याच घरात पाहुणा झाल्यासारखं मामांना वाटत राहिलं. दिवे बघायचे, धूळ पुसायची, बॅटरीला पाणी घालायचं, एवढंच हातात उरलं. वही त्यांनी फडताळात ठेवून दिली.

मग खंडेनवमी आली. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याची त्या दिवशी पूजा करायची. शेतकरी विळ्या-खुरप्यांची करतो, ड्रायव्हर गाडीची करतो, शिंपी मशीनची. मामा पूर्वी चिमट्याची आणि खांबावर चढायच्या पट्ट्याची करायचे, आता स्विचची करतात. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, त्यामुळे दुपारीच कॉलेज ओस पडलं होतं. चालू मशीनला ओलं फडकं लावू नये एवढं ज्ञान असलेला माणूस; त्यांनी रीतसर बॅटरीकडून स्विच बंद केला, पेटीतून अलगद काढला आणि स्टुलावर ठेवला. ब्रशनं भोकांतली धूळ काढली. झाकणावर निळ्या शाईचे काही ओरखडे होते, फडक्यानं निघेनात, म्हणून फडक्यावर थोडं रॉकेल घेतलं.

तेवढ्यात दारात एक पोरगी येऊन उभी राहिली. शिरड शहापूरची प्रतिक्षा. खांद्याला पिशवी, हातात फाइल, तहसीलमधून पळत आल्यामुळे श्वास वर लागलेला. नर्सिंगच्या प्रवेशासाठी कागद तपासून घ्यायचं केंद्र ह्याच कॉलेजात होतं. बाकी सगळ्यांचं झालं होतं, हिचा एकच दाखला अडला होता, तो तिला आत्ता तासाभरापूर्वी मिळाला होता.

"मामा, तपासणी व्हईल का आज?"

"मशीन बंद हाय बाळा, पूजा करून राहिलो," मामा रॉकेलचं फडकं हातात धरूनच म्हणाले. "भीमराज सर बी गावाकडं निघाले. शुक्रवारी ये की. शेवटची तारीख शुक्रवारच हाय ना? पाच वाजेलोक टाइम असते. आरामात व्हईल."

पोरगी थोडा वेळ तिथंच उभी राहिली, मामांचं पुसणं बघत. ओरखडे निघाले, झाकण आरशासारखं लख्ख झालं. मामांनी झाकणावर हळदीकुंकवाची बोटं ओढली, झेंडूचं फूल ठेवलं, उदबत्ती ओवाळली, नारळ फोडला. प्रसाद म्हणून खोबऱ्याचा तुकडा आणि साखर तिच्या हातावर ठेवली. ती पाया पडून गेली. मामांनी स्विच परत पेटीत बसवला, चोवीस वायरी एकेक करून जिथल्या तिथं लावल्या, वीज दिली. सगळे दिवे हिरवे झाले. दिवे हिरवे म्हणजे सगळं बराबर, ही मामांची आयुष्यभराची समजूत. एखाद्या कॉम्प्युटरवर बसून बघितलं असतं तर बरं झालं असतं, पण ऑफिसला कुलूप होतं आणि घरी धाकट्या नातीला सोनं लुटायला नवा फ्रॉक घ्यायचा होता.

शुक्रवारी प्रतिक्षा सकाळी नऊलाच हजर. सोबत आई, सखुबाई. दोघी जिन्याजवळच्या बाकावर बसल्या. सखुबाईंनी मामांना बघून हात जोडले आणि न विचारताच सांगून टाकलं. पोरीला परीक्षेत मार्क चांगले पडले होते, नांदेडच्या सरकारी कॉलेजात नंबर लागेल असं सगळे म्हणत होते. गेल्या साली थोडक्यात हुकलं होतं. "तिचे पप्पा म्हणले, एक साल थांबतो. औंदा न्हाई झालं तर पुढं इचारू नका. पाहुणे येऊन जाऊन हायतच." प्रतिक्षा फाइलचा बंद गुंडाळत होती, सोडत होती.

दहा वाजता भीमराज सरांनी कॉम्प्युटर लावला आणि इंटरनेट नाही. दुसरा लावला, त्याच्यावरही नाही. मोबाइलवरून करून बघितलं, पण केंद्राचं लॉगिन कॉलेजच्या लाईनशिवाय उघडत नव्हतं. प्रवेशाच्या पोर्टलला तोच पत्ता नोंदवलेला. मामांनी गुलाबसिंगला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. कंपनीच्या नंबरावर एक बाई हिंदीत बोलली, मग इंग्रजीत, मग गाणं लागलं. अकरा मिनिटांनी एक माणूस आला. त्यानं तक्रार लिहून घेतली, तिला एक लांबलचक नंबर दिला आणि चोवीस तासांत काम होईल म्हणाला. आमच्याकडं सहाच तास आहेत, असं मामांनी सांगितलं. तो म्हणाला, "समझ सकता हूँ सर." काय समजलं होतं देव जाणे.

मामांनी फडताळातून वही काढली. लॅपटॉप स्विचला जोडला आणि नवा पासवर्ड माहीत नसल्यामुळे नुसतं बघावं म्हणून जुना टाकला. दार उघडलं.

क्षणभर त्यांना बरंच वाटलं. आपलं घर आपल्याला परत मिळाल्याचा आनंद कुणाला होणार नाही? पण दुसऱ्या क्षणी त्यांचं बोट थांबलं. जुना पासवर्ड चालतो म्हणजे स्विचला आषाढातलं काही आठवत नव्हतं. त्यांनी एका बोटानं हुकूम टाइप करून भावक्या बघितल्या. ऑफिसची होती, लॅबची होती, लायब्ररीची होती. नव्या कंपनीच्या लाईनची नव्हती. गुलाबसिंगनं सगळं तोंडी सांगितलं होतं आणि उठून गेला होता. राईट मेमरी केलंच नव्हतं. बॅटरीच्या पाण्यापायी एवढे महिने स्विच एकदाही बंद पडला नाही, म्हणून ते उघडकीला आलं नव्हतं. त्याला पहिल्यांदा बंद केलं ते मामांनी, खंडेनवमीला, स्वतःच्या हातानं.

"सर, मी बंद केल्तं," मामा म्हणाले. "पूजेसाठी."

भीमराज सर म्हणाले, "ते जाऊ द्या मामा. आता काय लागते ते सांगा."

लागत होता फक्त एक नंबर. कंपनीची लाईन स्वतःचा नंबर घेऊन चावडीच्या दाराशी येते. तो स्विचला सांगून ठेवलेला असेल तर तो तिला आत घेतो, नाहीतर दारातच उभी करतो. बाकीचे हुकूम मामांच्या वहीत होते. सरांच्या डायरीत लाईनचा पत्ता होता. कंपनीचं पत्र शोधून काढलं, त्यात अटी होत्या सव्वीस, पण नंबर नव्हता. तो एकपासून चार हजार चौऱ्याण्णवपर्यंत कुठलाही असू शकतो, एवढं मात्र सरांना माहीत होतं.

मामा बसले. दहा टाकला, नाही. शंभर टाकला, नाही. दोनशे, पाचशे, हजार. एक नंबर टाकायचा, लाईन येते का बघायचं, नाही आली की पुसून दुसरा टाकायचा. एकेकाला पाऊण मिनिट लागे. सरांनी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला, पन्नास तासांच्या वर उत्तर आलं, आणि त्यांनी ते पान मामांना न दाखवता उलटलं.

हिंगोलीच्या केंद्रावर फोन केला. पोरीला घेऊन येतो, तुम्ही तपासता का? तिथले सर चांगलं बोलले, पण तिचं नाव औंढ्याच्या यादीत होतं, त्यांच्याकडून ते उघडतच नव्हतं. पोर्टलवाल्यांना ईमेल केला. त्याचं उत्तर लगेच आलं, की आपला ईमेल मिळाला. प्राचार्य येऊन पाच मिनिटं मामांच्या पाठीशी उभे राहिले आणि "प्रयत्न चालू ठेवा" म्हणून गेले. गुलाबसिंगचा फोन बंदच.

दोन वाजता सखुबाईंनी डबा सोडला. मामांसाठी भाकरीवर ठेचा आणि वांग्याची भाजी घालून पोरीच्या हाती पाठवली. मामांनी ती न खाताच बाजूला सरकवली. प्रतिक्षा दारात थांबली, त्याच जागी, पडदा धरून.

"मामा, तुमी कोणता नंबर हुडकून राहिले?"

"ते मशीनचं हाय बाळा," मामा लॅपटॉपवरची नजर न काढता, पण मायेनंच म्हणाले. "तुला न्हाई कळायचं. तू जा, आईपाशी बस. मी करतो कायतरी."

"मला..."

"जा म्हनलं ना. माझी लिंक तुटते."

ती गेली. मामांनी तेराशे टाकला, चौदाशे टाकला.

चारनंतर त्यांनी गोल आकडे टाकायचं सोडलं आणि मनाला येतील ते आकडे टाकू लागले. कॉलेजचं स्थापनेचं साल. औंढ्याचा पिन कोड निम्मा करून. गुलाबसिंगच्या गाडीचा नंबर त्यांना आठवत होता, तो टाकून बघितला तर स्विच म्हणाला एवढा मोठा चालत नाही. एकदा त्यांनी डोळे मिटून नागनाथाचं नाव घेतलं आणि एकशे एक टाकला. नागनाथाचंही त्या स्विचपुढं काही चाललं नाही. त्यांना खांब आठवले. खांबावर बिघाड कुठं आहे ते डोळ्यांना दिसायचं, हात पोचायचा, दोन तारा पिळल्या की माणूस बोलायला लागायचा. इथं सगळं समोर होतं, दार उघडं होतं, हुकूम पाठ होते, आणि तरी काही करता येत नव्हतं. असं लाचार त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पाच वाजता घंटा द्यायला ते उठले नाहीत. भीमराज सरांनीच दिली. सरांनी मोबाइलवर पोर्टल उघडून बघितलं, मुदत संपल्याची तांबडी पट्टी आली होती. बाहेर जाऊन ते सखुबाईंशी काहीतरी हळू आवाजात बोलले. मामांनी पडद्याच्या फटीतून बघितलं. दोघी उठल्या, चपला घातल्या, प्रतिक्षानं डब्याची पिशवी उचलली. रडत कुणीच नव्हतं.

पाच वीसला फोन वाजला. गुलाबसिंग.

"मामा, माफ करा. दसऱ्याच्या मिरवणुकीत मोबाइल पडला, डिस्प्ले फुटला, आत्ता दुकानातून घेतला. तुमचे एकतीस कॉल दिसून राहिले. काय झालं?"

मामांनी सांगितलं.

"सेव्ह करायचं राहिलं असेल माझ्याकडून. त्या दिवशी सेनगावची लाईन डाऊन होती, मागं लागले होते लोक. गलती माझी हाय. पण मामा, मला माझी सवय माहीत हाय ना, म्हणून मी जिथं जातो तिथं नंबर लिहून ठेवतो. तुमच्या स्विचच्या झाकणावर लिहिला होता. निळ्या मार्करनं. अकराशे आठ. बघा, असेल."

मामांनी मान वर करून बघितलं. झाकण लखलखत होतं. नंबर होता त्या जागी हळदीकुंकवाची पाच बोटं होती.

त्यांनी अकराशे आठ टाकला. लाईन आली. वहीतल्या लाल ओळीप्रमाणे राईट मेमरी केलं, मगच उठले. ऑफिसातून कुणीतरी ओरडलं, "आलं, आलं." मामा तोवर रस्त्याला लागले होते.

बसस्टँडवर दोघी वसमतच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. मामा समोर जाऊन उभे राहिले. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, ते सगळं विसरलं.

"ताई, माझ्यामुळं गेलं," ते म्हणाले. "बुधवारी ही आल्ती तवा मी मशीन बंद करून पुसून राहिल्तो. नंबर त्याच्यावरच लिहिल्ता. मला वाटलं डाग हाय. मी रॉकेल लावून काढला." एवढं बोलताना त्यांना रडू आलं, आणि स्टँडवरच्या माणसांदेखत ते त्यांनी लपवलं नाही.

सखुबाई गडबडल्या. सरकून त्यांनी बाकावर जागा केली. "असं काहून म्हणता, भाऊ? सकाळपसून तुमी पाण्याचा घोट घेतला न्हाई, म्या पाहिलं ना. मशीनच्या मनात न्हवतं. अन् पूजा केल्यानं कुटं कोनाचं वाईट व्हते का?"

शिव्या दिल्या असत्या तर मामांना घेता आल्या असत्या.

प्रतिक्षा फाइल मांडीवर धरून बसली होती. ती खाली बघतच म्हणाली, "अकराशे आठ."

मामांनी आकडा सांगितलाच नव्हता.

"तुमी पुसून राहिल्ते तवा मी दारातच व्हते," ती म्हणाली. "एकशे आठ ॲम्ब्युलन्सचा नंबर अस्ते, अन् त्याच्या आंधी एक एक्का. म्हणून ध्यानात राहिला. दोनाला तेच इचाराया आल्ते, की ह्योच नंबर हुडकून राहिले का. तुमी म्हणले, मशीनचं हाय." तिच्या आवाजात राग नव्हता. "मला वाटलं, तुमाला त्यो माहीतच आसन."

वसमतची गाडी लागली. लोक दाराशी दाटले. मामांनी सखुबाईंच्या हातातली डब्याची पिशवी घेतली, गर्दीतून वाट काढून दोघींसाठी खिडकीजवळची जागा धरली आणि पिशवी सीटखाली नीट ठेवली. ते खाली उतरल्यावर गाडी सुटली.